डिझेलची शिकवणी

आमच्या गावच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलमधला बर्फ एप्रिलमध्ये काढतात. खालचं सिमेंट उघडं पडतं, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथे लग्नं होतात, जुन्या सामानाचे बाजार भरतात आणि मंगळवारी संध्याकाळी कुत्र्यांची शिकवणी चालते. शिकवते बर्नाडेट लव्हाले. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या या टोकाला कुणाचं कुत्रं बिथरलं, कोंबड्या मारायला लागलं किंवा घरात मुतायला लागलं, की लोक आधी तिचं दार ठोठावतात. माझी टूट्सी दुसरं कुत्रं दिसलं की जीव जाईस्तोवर भुंकायची, म्हणून त्या वर्षी मीही नाव घातलं होतं.

पहिल्याच मंगळवारी आर्डिथ आणि लॉर्न बोयचुक आपल्या डिझेलला घेऊन हॉलमध्ये शिरले, तेव्हा आम्ही सगळेच चकित झालो. कारण डिझेलइतकं शहाणं कुत्रं गावात दुसरं नव्हतं. निळसर करड्या अंगाचा, एक कान काळा, गुरांच्या टाचा धरून त्यांना हाकणाऱ्या जातीचा. लॉर्न रोज सकाळी त्याला घेऊन पोस्टात यायचा, दाराशी "थांब" म्हणायचा आणि आत जाऊन गप्पा ठोकत बसायचा. डिझेल पायरीशी बसून राहायचा. दोरी नाही, साखळी नाही. लॉर्न बाहेर येऊन "झालं" म्हणाला की मगच उठायचा.

लॉर्नने आयुष्यभर शाळेची बस चालवली. गावातलं आज चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्याच्या बसमध्ये रडलेलं, भांडलेलं किंवा ओकलेलं आहे. निवृत्त झाल्यावर त्याला करमेना, म्हणून आर्डिथनेच एका गोठ्यातून ते पिल्लू आणून दिलं होतं. डिझेल हे नाव लॉर्नचं. म्हणाला, "डिझेलशिवाय माझा दिवस सुरूच होत नाही."

पण त्या वसंतात डिझेल विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाच्या पोटरीला चावला. टाके पडले. गावाच्या कचेरीतून निरोप आला, की कुत्र्याला वळण लावा, नाहीतर त्याची व्यवस्था करा. व्यवस्था म्हणजे काय ते आर्डिथला कुणी समजावून सांगायला नको होतं.

बर्नाडेटने सगळ्यांना भिंतीलगत उभं केलं. खिशात वाळवलेल्या कलेजीचे तुकडे, हातात दोरी.

"एक शब्द, एक अर्थ," ती म्हणाली. "एकदाच म्हणायचं. त्यानं ऐकलं की लगेच खाऊ. आणि हाक मारल्यावर जवळ आलेल्या कुत्र्याला कधी, कधीच रागवायचं नाही. मागे त्यानं काहीही केलेलं असो."

"पोरी," लॉर्न मोठ्यानं म्हणाला, "तुला मी बसमध्ये गप्प बसवायचो. आता तू मला शिकवणार?"

"तुम्हाला कधी जमलं मला गप्प बसवायला, मिस्टर बोयचुक? म्हणून तर अजून ओरडतेय."

सगळे हसले. लॉर्न सगळ्यात जास्त हसला. "लाल हातमोजे होते तुझे," तो म्हणाला. "डावा नेहमी हरवायचीस. तुझी आई पुलापाशी उभी असायची." बर्नाडेटचा चेहरा फुलला. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग लॉर्न डिझेलला म्हणाला, "बस." डिझेल बसला. लॉर्नने कलेजी दिली. शेजारच्या माणसाशी हवापाण्याचे दोन शब्द बोलला आणि पुन्हा वळून म्हणाला, "बस." डिझेल बसलेलाच होता. त्यानं मान वर करून लॉर्नकडे पाहिलं. "बस म्हटलं ना!" डिझेल गोंधळून आडवा झाला. "ऐकू येत नाही का रे? बस!" डिझेल उठून उभा राहिला. लॉर्नने दोरीला असा हिसका दिला की कुत्र्याचे पुढचे पाय उचलले गेले.

आर्डिथ घाईनं म्हणाली, "आज दमलाय तो." कुत्र्याबद्दल म्हणाली की नवऱ्याबद्दल, कुणी विचारलं नाही.

पुढचे मंगळवार असेच गेले. आर्डिथनं दोरी मागितली तर लॉर्न देईना. "माझा कुत्रा मी धरीन." एका संध्याकाळी हाक मारायचा सराव चालला होता. लॉर्न हॉलच्या एका टोकाला, डिझेल दुसऱ्या. लॉर्नने हाक मारली, "डिझेल, ये!" डिझेल कान पाडून, पोट जमिनीला घासत, पण आला. लॉर्नच्या पायाशी बसला. लॉर्न त्याच्याकडे बघत राहिला आणि खेकसला, "तू इथे काय करतोस? तुला कुणी बोलावलं?"

बर्नाडेटने हातातली कलेजी खिशात ठेवली आणि त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

मी बाहेर टूट्सीला गाडीत चढवत होते. लॉर्न आपल्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला होता. मला तेव्हा कुठे जाणवलं, की ते नेहमी तसेच येत होते. सगळ्या गावाला वाहून नेलेला माणूस, आणि गाडी आर्डिथ चालवत होती.

बर्नाडेट तिच्याजवळ गेली. "आर्डिथ, डिझेलमध्ये काही खोट नाही."

"मग त्या मीटरवाल्याला का चावला?"

"लॉर्न होते तिथे?"

"होता. त्यानंच घातला अंगावर. म्हणाला, चोर शिरलाय. तो माणूस दर महिन्याला येतो गं. लॉर्न त्याला कॉफी द्यायचा."

"डॉक्टरांकडे गेला होता?"

"जनावरांच्या?"

"आर्डिथ..."

"पुढच्या मंगळवारी येतो आम्ही," आर्डिथ म्हणाली आणि गाडीत बसली.

ती माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण आणि बटाट्यांचा तुकडा, एवढंच अंतर. त्या उन्हाळ्यात आम्ही माझ्या ओट्यावर वाटाणे सोलत बसलो असताना ती एकाएकी बोलायला लागली. लॉर्न कुत्र्याला एकाच सकाळी तीन-तीनदा खायला घालतो, आणि कधी दिवसभर उपाशी ठेवतो. डिझेल आता घरातच मुतायला लागलाय. बाहेर सोडतो आणि दार लावून घेतो. कुत्रा दाराशी ओरबाडायला लागला की लॉर्न घाबरतो. म्हणतो, दारात लांडगा आलाय.

"तू डॉक्टरकडे का नेत नाहीस त्याला?" मी विचारलं.

"डॉक्टर काय करणार? आजाराला नाव देणार. नाव मला माहीत आहे." तिनं शेंग मोडली. "एकदा नाव लागलं की मग सगळे सल्ले द्यायला येतील. आज हे, उद्या ते, आणि मग शहरातल्या त्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवा. मी म्हटलं, निदान कुत्रा तरी सुधारू दे. घरात एक तरी गोष्ट धड होऊ दे."

मग खाली मान घालून म्हणाली, "तुला सांगते, कुणाला बोलू नकोस. परवा चर्चला जायचं होतं. नेहमी मी म्हणते, लॉर्न, उशीर होतोय, बूट घाल, कोट कुठे टाकलास. तो चिडतो, मी चिडते. परवा मी बर्नाडेटसारखी उभी राहिले आणि म्हटलं, 'बूट.' बस, एवढंच. त्यानं घातले. मी म्हटलं, 'शाब्बास.' तर तो हसला. लहान पोरासारखा हसला. आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी त्याला शाब्बास म्हणते."

मी आणखी शेंगा पुढे ओढल्या.

बर्नाडेटने आपल्या परीनं मार्ग काढला. तिनं लॉर्नला एकटं गाठून म्हटलं, "मिस्टर बोयचुक, मुख्य काम तुमचं. 'थांब' आणि 'झालं' हे दोन शब्द फक्त तुमचे. दुसऱ्या कुणी म्हटले तरी डिझेलनं ऐकायचं नाही. बाकीची किरकोळ कामं आर्डिथ करतील." पोस्टाच्या पायरीशी इतकी वर्षं वापरलेले शब्द ते. लॉर्नच्या डोक्यातलं बाकी काय काय वाहून गेलं होतं, पण हे दोन शाबूत होते. लॉर्न खूश झाला. आणि खरं सांगते, कुत्रा बदलला. त्याला कळलं, की या माणसाच्या तोंडून आता दोनच गोष्टी येणार, आणि दोन्हींचा अर्थ आपल्याला माहीत आहे. तो पुन्हा लॉर्नच्या पायाशी झोपायला लागला. घरात मुतणं थांबलं.

शिकवणीच्या शेवटच्या मंगळवारी गावातले बरेच लोक बघायला आले होते. सगळी कुत्री एका रांगेत बसवायची, दोरी धरणाऱ्या मालकांनी हॉलबाहेर जायचं, आणि उरलेल्यांनी कुत्र्यांना भुलवायचं. चेंडू टाकायचे, खाऊ दाखवायचा, नावानं हाका मारायच्या. माझी टूट्सी पहिल्याच चेंडूमागे पळाली, आणि तिला धरायला मला आत यावं लागलं. मग एकेक कुत्रं उठलं. शेवटी डिझेल एकटा राहिला. त्याच्या नाकासमोर कलेजी धरली, तरी तो दाराकडे बघत बसला. आर्डिथनंही हाक मारली. त्यानं शेपूट दोनदा जमिनीवर आपटलं, पण हलला नाही.

लॉर्न आत आला आणि म्हणाला, "झालं!" डिझेलनं एवढी झेप घेतली की म्हातारा भिंतीवर आदळला. टाळ्या झाल्या. लॉर्न त्याला पोटाशी धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. "बघितलंस ना, आर्डी? बघितलंस?" तो म्हणत होता. आर्डिथही हसत होती. तिला मी तशी हसताना नंतर पाहिली नाही.

सप्टेंबरमध्ये सुगी लागली. आमच्या घरांपुढच्या खडीच्या रस्त्यावरून गव्हानं भरलेले ट्रक दिवसभर धावत असतात. धूळ इतकी, की समोरचं शेत दिसत नाही. त्या दिवशी दुपारी मी बटाटे काढत होते. आर्डिथ स्वयंपाकघरात बीटं उकडत होती. लॉर्न आणि डिझेल फिरायला म्हणून फाटकाबाहेर गेले होते. फार लांब जायचे नाहीत ते, वळणावरच्या टपालपेटीपर्यंत जायचे आणि परत यायचे.

लॉर्न एकटा परत आला. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "छान वास सुटलाय."

"डिझेल कुठे?" आर्डिथनं विचारलं.

"कोण?"

ती तशीच, लाल हात घेऊन, बाहेर धावली. तिची हाक ऐकून मी मान वर केली. डिझेल रस्त्याच्या मधोमध बसला होता. लॉर्ननं तिथे "थांब" म्हटलं असणार आणि पुढे विसरून गेला असणार. कुत्रा घराच्या दाराकडे तोंड करून बसला होता, ताठ, हॉलमध्ये बसला होता तसा. वळणापलीकडे धुळीचा लोट येत होता.

"डिझेल, ये! ये इकडे!" आर्डिथ ओरडली. डिझेलनं तिच्याकडे पाहिलं. ढुंगण थोडं उचललं आणि पुन्हा टेकलं.

मी फावडं टाकून पळाले. आर्डिथ फाटकापाशी पोचली, पण तिचे ते दुखरे गुडघे. ती मागे वळून घराकडे ओरडली, "लॉर्न! झालं म्हण! म्हण ना, झालं!"

ट्रक गार्थ नायस्ट्रॉमचा होता. पलीकडच्या शेतांचा मालक, साधा, सरळ माणूस. त्याला कुत्रा दिसला. भरलेला ट्रक जागेवर थांबत नाही. त्यानं चाक वळवलं, आमच्या घरांच्या बाजूला, कुत्र्याला बाजूला ठेवून जावं म्हणून. आणि निभावलंही असतं.

लॉर्न दारात येऊन उभा राहिला. कपाळावर हात धरून त्यानं उन्हात पाहिलं.

"काय झालं?" तो म्हणाला.

त्या आवाजात डिझेलला पूर्ण वाक्य ऐकू आलं की तेवढा एकच शब्द, कोण सांगणार? तो उठला आणि लॉर्नच्या दिशेनं सरळ झेपावला.

गार्थ खाली उतरला. टोपी हातात घेऊन तो नुसता म्हणत राहिला, "मी वळवला होता. आर्डिथ, मी वळवला होता." आर्डिथ रस्त्यावर खाली बसली होती. बीटाच्या रसानं आधीच लाल झालेले हात तिनं त्या करड्या अंगावर ठेवले होते.

लॉर्न सावकाश चालत आला. वाकून बघितलं.

"अरेरे," तो म्हणाला. "कुणाचा होता गं बिचारा?"

आर्डिथनं वर पाहिलं. मला वाटलं, आता ती किंचाळेल, त्याला मारेल. तिनं तसं केलं असतं तरी मी तिला बोल लावला नसता. पण ती फक्त म्हणाली, "आत चल, लॉर्न. ऊन आहे."

गार्थनं आणि मी डिझेलला तिच्या परसात पुरलं. पलीकडे लॉर्न खिडकीत उभा राहून आमच्याकडे बघून हात हलवत होता.

त्यानंतर आर्डिथ त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाव दिलं, तेच, तिला माहीत असलेलं. आश्रमात जागा नव्हती. जागा झाली की कळवू म्हणाले. तोवर घरीच.

लॉर्न रोज सकाळी पट्टा शोधायचा. पहिल्या दिवशी आर्डिथनं त्याला खरं सांगितलं. तो ओक्साबोक्शी रडला, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं आणि तिनं पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा तेच रडणं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाहेर आहे." तेवढ्यावर तो समाधानी झाला. पण मग दर घटकेला दार उघडून शीळ घालायचा. आर्डिथ मला म्हणाली, "तो रडायचा तेव्हा निदान आम्ही दोघं रडत होतो."

ऑक्टोबरच्या शेवटी पहिला बर्फ पडला. मी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडायच्या करंज्या, करून त्यांच्याकडे घेऊन गेले होते, पाणी चुलीवर ठेवलं होतं, तेवढ्यात गार्थ आला. कोटाच्या आत काहीतरी धरलं होतं. त्यानं बटणं काढली तर निळसर करडं पिल्लू, मुठीएवढं तोंड.

"आर्डिथ, तेव्हापासून मला झोप नाही," तो म्हणाला. "यानं त्याची जागा भरणार नाही, मला कळतं. पण ठेवून घ्या."

आर्डिथ काही बोलायच्या आत लॉर्ननं हात पुढे केले. पिल्लू मांडीवर घेतलं. ते त्याच्या शर्टाचं बटण चावायला लागलं आणि लॉर्न हसला, खदखदून. "डिझेल! अरे, कुठे होतास तू? आर्डी, बघ, आला!" आर्डिथ टेबलाला धरून उभी होती. तिनं हळूच पुढे होऊन पिल्लाच्या कानामागे बोट फिरवलं. बर्नाडेटला बोलवू या, असंही पुटपुटली. मी पेरोगी पाण्यात सोडले. मलाही वाटलं, चला, थोडं बरं होईल या घरात.

लॉर्ननं पिल्लू खाली ठेवलं. "थांब," म्हणाला.

पिल्लू कशाला थांबतंय? त्यानं लॉर्नच्या विजारीचा काठ दातात धरला आणि ओढायला लागलं.

"थांब म्हटलं ना!" पिल्लाला वाटलं, खेळच चाललाय. ते गुरगुरलं. लॉर्नचा चेहरा बदलला. तो चेहरा मी हॉलमध्ये पाहिला होता, पण इतका जवळून नाही. "हे काय आहे? कुणी आणलं हे घरात?" तो ओरडला आणि त्यानं पाय झटकला. पिल्लू जाऊन कपाटावर आपटलं, केकाटलं आणि चुलीखाली शिरलं.

आर्डिथ गुडघ्यांवर बसली. हात लांब करून पिल्लू बाहेर काढलं, पाय चाचपून पाहिले. मग गार्थच्या कोटात घातलं आणि बटणं स्वतःच्या हातानं लावली.

"घेऊन जा, गार्थ."

"लहान आहे, आर्डिथ. शिकेल की."

"शिकेल," ती म्हणाली. "डिझेलही शिकला होता. घेऊन जा रे बाबा."

गार्थ दाराकडे वळला तसा लॉर्न उठला. "माझं पिल्लू कुठे नेतोस? आर्डी, तो माझा कुत्रा नेतोय! थांबव त्याला!" त्यानं आर्डिथची बाही धरली, ओढली. ती दारात आडवी उभी राहिली. म्हातारा तिच्या खांद्यावरून बाहेर बघत, हुंदके देत, हाका मारत होता. गार्थनं मागे न बघता गाडी सुरू केली. बर्फावर चाकांच्या दोन रेघा उमटल्या.

मी पेरोगी गाळले. जरा जास्तच शिजले होते. ताटं वाढेपर्यंत लॉर्न शांत होऊन खुर्चीवर बसला होता. गाल ओले होते, पण ते कशानं ओले झाले हे त्याला आता ठाऊक नव्हतं.

"कोण आलं होतं?" त्यानं विचारलं.

"गार्थ," आर्डिथ म्हणाली.

"काय हवं होतं त्याला?"

"काही नाही."

"तू का रडतेस गं?"

तिनं तोंड उघडलं. खरंच सांगायला लागली होती, मला दिसलं. पण लॉर्ननं तोवर काटा उचलला होता आणि तो ताटातला कांदा बाजूला सारत होता. आर्डिथनं तोंड मिटलं आणि त्याच्या पेरोगीवर लोणी घातलं.

लॉर्न पोटभर जेवला. दुसऱ्यांदा मागून घेतलं. आर्डिथनं आपल्या ताटाला हातही लावला नाही, आणि मीही तिला आग्रह केला नाही.